उजव्या पायावरचा माझा संशय

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. भिंतीला टेकवून ठेवायची साधी शिडी नव्हे, तर दोन्हीकडे पाय फाकून स्वतःच्या बळावर उभी राहणारी. रंगारी लोक मला घोडी म्हणतात. मला सात पायऱ्या आहेत, पोटाशी एक साखळी आहे आणि अंगावर इतक्या रंगांचे ओघळ आहेत की माझा मूळ रंग कोणता, हे आता मलाही सांगता यायचं नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तक्रार नको. माझा स्वभाव संशयी आहे.

ही खोड मला जन्मापासूनची. ज्या सुताराने मला घडवलं, तो प्रत्येक फळी आधी ठोकून बघायचा आणि मग तिला कान लावायचा. माझ्या शेजारी एक फळी पडली होती. दिसायला माझ्याहून देखणी, गुळगुळीत, एकही गाठ नाही. सुताराने ती ठोकली, तोंड वाकडं केलं आणि तिला सरपणात भिरकावलं. आतून तिला चीर होती. त्या दिवसापासून मी कुणाच्या दिसण्यावर जात नाही.

पुढे कामाला लागल्यावर कळलं की माणसंही माझ्याइतकीच संशयी असतात. माझ्यावर पाय ठेवण्याआधी जो तो मला दोनदा गदागदा हलवून बघतो. जसा काही मी दगाफटका करायचा बेतच आखून ठेवला आहे! मग मीही ठरवलं, तुम्ही मला तपासा, मी तुमचा पाय तपासते. आणि पाय मला सगळं सांगतो. घाबरलेला पाय पायरीला चिकटून बसतो. घाईतला पाय नुसत्या कडेवर पडतो. घरून भांडून आलेला पाय धपकन आदळतो. तोंडाने माणूस काय वाटेल ते बोलू दे, पाय मला फसवू शकत नाही.

पंचवीस वर्षं मी एकाच माणसाच्या हाताखाली राबले. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. बायकोसुद्धा चिडली की "अहो उस्ताद" म्हणूनच हाक मारायची. छत आणि भिंत जिथे मिळतात, तिथे दोन रंगांमधली रेघ उस्ताद चिकटपट्टी न लावता ओढायचे. नुसता ब्रश, नुसता हात आणि रोखून धरलेला श्वास. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ती रेघ कुठे केसभरसुद्धा हलायची नाही. घरमालक खाली उभे राहून माना वर करून बघायचे आणि बघता बघता त्यांचा चहा गार व्हायचा.

उस्तादांचा पाय मला आवडायचा, हे मी कबूल करते. आधी उजवा, मग डावा. उजव्या पायाचा चवडा पायरीवर नेमका बसायचा. डावा पाय वर निघाला की उजवा अंगठा मुळाशी वाकायचा आणि सगळं अंग क्षणभर त्या एका सांध्यावर तोललं जायचं. शिवाय त्यांची एक खोड होती. रेघ ओढता ओढता शेवटी वीतभर जागा उरली, तर दुसरा कुणीही रंगारी खाली उतरतो, शिडी सरकवतो आणि पुन्हा चढतो. उस्ताद उतरायचे नाहीत. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहायचे आणि ती वीत तशीच पुरी करायचे. दिवसातून पन्नास वेळा, पंचवीस वर्षं. शिडी सरकवणं म्हणजे नवशिक्याचं काम, असं त्यांचं म्हणणं होतं. मलाही तेव्हा त्याचा केवढा अभिमान वाटायचा! आता तो आठवला की माझीच मला लाज वाटते.

मग एकदा थंडीच्या दिवसांत उजवा पाय तिरका आला.

तिरका म्हणजे काय, तर अंगठ्याची बाजू उचललेली आणि सगळा भार करंगळीच्या बाजूवर. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हटलं, बुटात खडा असेल. दुसऱ्या दिवशीही तिरकाच. आठवड्याने डावा पाय आधी यायला लागला आणि उजवा मागून, एकेका पायरीवर जोडीला जोड. जिने चढताना म्हातारी माणसं चढतात ना, अगदी तसा. उतरताना तर उस्ताद उजवा पाय बाहेर वळवून आडवे उतरायचे. मी ओळखलं, पाणी कुठेतरी मुरतंय. पण उस्ताद कुणाला ताकास तूर लागू देईनात.

आणि मित्रांनो, मला सगळ्यात जास्त दुखलं ते पुढे. त्यांनी दोष माझ्यावर ढकलला.

"हिची तिसरी पायरी टोचते," असं म्हणून त्यांनी आपल्या जुन्या दोस्ताला, मला घडवणाऱ्या त्याच सुताराला बोलावलं. सुतार आता म्हातारा झाला होता, पण डोळा तोच. त्याने माझ्या पायऱ्यांवरून हात फिरवला, सपाटी मोजायची पाणसळ ठेवून बघितली, खाली बसून माझे चारही पाय तपासले.

"अरे, पायरी सरळ आहे. चारही पाय जमिनीला टेकलेत. हिला काही झालेलं नाही."

"मला टोचतंय ना? तुला काय कळतंय?"

"मला लाकडातलं कळतं. तुझ्यातलं तुला कळायला हवं," सुतार म्हणाला आणि हत्यारं आवरून निघून गेला.

उस्तादांनी ऐकलं नाही. तिसऱ्या पायरीला त्यांनी पोत्याचं फडकं गुंडाळलं. तरी टोचायचंच. मग एके दिवशी, 'हिचा उजवा पाय उंच आहे' असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी करवत घेतली आणि माझ्या चांगल्या, धडधाकट पायाचा बोटभर तुकडा कापून टाकला. मोजमाप नाही, विचारपूस नाही. आता मी खरोखरच डुगडुगायला लागले. तेव्हापासून मला उभी करायची तर त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारावी लागायची. दुखणं होतं त्यांच्या पायात आणि पाय कापला गेला माझा.

ती घडी नेमाने सारायची उस्तादांची लेक. वय सव्वीस. आठ वर्षं ती बापाबरोबर कामाला येत होती. दारं, खिडक्या, भिंतींचा खालचा भाग तिच्याकडे. हात बापासारखाच स्थिर. पण छताखालची रेघ उस्तादांनी तिला एकदाही ओढू दिली नव्हती. ती अधूनमधून विचारायची, "बाबा, दुखतंय का?" आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच उत्तर यायचं, "नाही." उस्तादांच्या डोक्यात भलताच किडा वळवळत होता. पोरीला आपली जागा हवी आहे, म्हणून ती आपल्या पायावर डोळा ठेवून आहे, असं त्यांना वाटत होतं. पायाचं कबूल केलं की शिडी गेली, शिडी गेली की रेघ गेली, आणि रेघ गेली की उस्ताद ही हाकही गेली. त्यांच्या लेखी एवढं सगळं त्या एका अंगठ्यावर टांगलेलं होतं.

घरीही संशयाचंच वारं होतं. मला घराच्या दारालगतच्या भिंतीवर अडकवलेलं असायचं, त्यामुळे सगळं दिसायचं. एका संध्याकाळी बायकोने उस्तादांना उंबऱ्यातच अडवलं.

"अहो, तोंड उघडा बघू."

"मी काय लहान आहे?"

"उघडा म्हणते ना!" तिने वास घेतला. "वास तर नाही. मग चाल अशी झोकांड्या खाणारी का?"

दुसऱ्या दिवशी तिला उस्तादांच्या उजव्या बुटाला वरच्या बाजूने पडलेलं भोक सापडलं. उस्ताद म्हणाले, उंदराने कुरतडलं. तिने पिंजरा लावला. चार दिवस पिंजरा रिकामाच. पाचव्या दिवशी बुटाचं भोक आणखी मोठं झालेलं.

"उंदीर फक्त उजवाच बूट खातो का हो?" तिने विचारलं.

उस्ताद पेपरात तोंड घालून बसले. ते भोक त्यांनी स्वतः ब्लेडने पाडलं होतं. अंगठ्याच्या मुळाशी, वरच्या बाजूला सुपारीएवढा टणक उंचवटा आला होता आणि तो बुटाला घासत होता.

अशातच आम्हाला एका हाडांच्या दवाखान्याचं काम मिळालं. दोन मजली इमारत, आणि दवाखाना चालू ठेवूनच रंग द्यायचा. आधी खालचा मजला, तीन महिन्यांनी वरचा. डॉक्टरांची खोली रंगवायला काढली, तेव्हा त्यांचं टेबल, तपासायचा पलंग आणि एक्स-रे बघायची उजेडाची पेटी असं सगळं बाहेरच्या पॅसेजमध्ये आलं. मीही तिथेच उभी होते. म्हणून हे सगळं मला सांगता येतंय.

डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी उस्तादांना चढताना पाहिलं, दुसऱ्या दिवशी उतरताना पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "उस्ताद, उजवा अंगठा कधीपासून?"

"शिडी वाकडी आहे, डॉक्टर."

"असेल. तरी जरा बूट काढा."

उस्ताद नाइलाजाने पलंगावर बसले. बाईंनी अंगठा हातात धरला आणि हळूच वरच्या दिशेने वाकवला. थोडासा वाकला आणि पुढे दार लागावं तसा अडला. उस्तादांच्या तोंडून "आई गं" निघून गेलं आणि लगेच त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. एक्स-रे निघाला. उजेडाच्या पेटीवर त्यांचा पाय पांढराफटक दिसायला लागला. सांध्यात दोन हाडांमध्ये जी फट असायला हवी, ती जवळजवळ बुजली होती आणि वर हाडाची चोच आली होती.

"संधिवात आहे," बाई म्हणाल्या. "सांध्यातली गादी झिजली आहे. हाडाला हाड घासतंय, म्हणून सांधा कडक झालाय."

उस्ताद लेकीच्या कानाशी कुजबुजले, "बघ, आता ऑपरेशन म्हणेल. हे सगळे सारखेच. गिऱ्हाईक सोडतील होय?" नकाराचं वाक्य त्यांनी मनात घोळवून तयार ठेवलं होतं.

पण बाई म्हणाल्या, "ऑपरेशनचं आज काही नाही."

उस्ताद गोंधळले. त्यांचं तयार वाक्य तसंच राहिलं. आणि गंमत बघा, त्यामुळे त्यांचा संशय कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. "म्हणजे हाताबाहेर गेलंय. म्हणूनच सांगत नाहीत," ते पुन्हा कुजबुजले.

बाईंना ऐकू आलं. त्या हसल्या नाहीत. "हाताबाहेर काही गेलेलं नाही. फोटो वाईट आहे, पण मी फोटोचं ऑपरेशन करत नाही. असाच फोटो असलेली माणसं मी मजेत चालताना पाहिली आहेत. अंगठ्यामुळे तुमचं काय काय अडतंय, ते मला कळायला हवं. रोज किती दुखतं?"

"मुळीच नाही," उस्ताद म्हणाले.

बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने जमिनीकडे पाहिलं.

मग बाईंनी उपाय सांगितले. तळवा अजिबात वाकणार नाही असा कडक तळाचा बूट घ्यायचा, त्याचं पुढचं टोक होडीसारखं वर उचललेलं, म्हणजे पाऊल पुढे घरंगळतं आणि अंगठ्याला वाकावं लागत नाही. सूज आली तर थोडे दिवस गोळ्या. तेवढ्याने भागलं नाही तर सांध्यात एखादं इंजेक्शन. चवड्यांवर उभं राहणं बंद. "आणि रोज काम संपलं की एक खूण करायची. अंगठ्यामुळे एखादं काम सोडलं किंवा वाकडंतिकडं करावं लागलं, तर लाल. नाहीतर पांढरी. तीन महिन्यांनी मला दाखवा. हे सगळं मनापासून करूनही अंगठाच तुमचा दिवस ठरवायला लागला, तर आपण ऑपरेशनचं बोलू."

वही-बिही आपल्याला जमायची नाही, असं उस्ताद म्हणाले. खुणा माझ्या दांड्यावर करायच्या ठरल्या, आतल्या बाजूला, बोटाने.

पहिल्या पंधरा दिवसांत मला आश्चर्याचा धक्का बसला. नवा बूट जड होता, पण त्यातला पाय सरळ येत होता. लेक शिडी सरकवायची, उस्ताद कुरकुर करत चढायचे, आणि संध्याकाळी पांढरा ठिपका. तो ठिपका खरा होता, मी साक्षीला आहे. मला वाटलं, आपण उगीच संशय घेतला.

मग एका मोठ्या घराचं काम आलं. मालक खाली उभा राहून बघत होता. शेवटची वीत उरली आणि उस्तादांच्या टाचा उचलल्या गेल्या. कडक बूट वाकेना, म्हणून दुसऱ्या दिवशी ते जुना भोकाचाच बूट घालून आले. त्या संध्याकाळी ते माझ्या पहिल्या पायरीवर बसून पाय चोळत राहिले. मग उठले, इकडे तिकडे पाहिलं आणि दांड्यावर ठिपका लावला. पांढरा.

खोटा होता तो. त्यानंतरचे बहुतेक सगळेच खोटे. गोळ्या चुकवल्या, एकदा इंजेक्शन मात्र घेतलं, त्याने आठवडाभर बरं वाटलं आणि पुन्हा तेच. मला बोलता येत असतं, तर मी चारचौघांत ओरडून सांगितलं असतं. मी नुसती कुढत राहिले.

पण मित्रांनो, मी एकटीच संशयी नव्हते. माझी दुसरी बाजू आहे ना, जिच्यावरून कुणी चढत नाही, तिच्या आतल्या दांड्यावर आणखी एक बोट रोज ठिपका लावून जात होतं. ते लेकीचं होतं. बापाची पाठ वळली की ती पुठ्ठ्याची घडी काढायच्या निमित्ताने वाकायची आणि एक ठिपका टेकवायची. उस्तादांना त्याचा पत्ता नव्हता.

तीन महिने झाले. आम्ही दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आलो. पॅसेजचं छत उंच, मी जिन्याच्या तोंडाशी उभी. दुपारची वेळ होती. लेक खालच्या मजल्यावरून रंगाचा डबा आणायला गेली होती. उस्ताद तिची वाट न बघता पाचव्या पायरीवर चढले. घडी अर्धवट सारलेली होती. रेघेची शेवटची वीत उरली. त्यांनी टाचा उचलल्या.

उजवा अंगठा वाकला नाही. कळ आली असणार, कारण सगळं अंग एकदम डाव्या पायावर आलं. मी डुगडुगले. माझा कापलेला पाय घडीवरून घसरला आणि मी जिन्याच्या बाजूला झुकले. मित्रांनो, आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते. खाली सोळा पायऱ्या होत्या, दगडी. मी जीव खाऊन साखळी ताणून धरली.

"बाबा!" डबा खाली आदळल्याचा आवाज आला आणि दोन हातांनी मला दांड्यांपाशी गच्च पकडलं. मी सावरले. उस्ताद माझ्या माथ्याला मिठी मारून उभे होते. डोळे मिटलेले.

"उतरा हळूहळू."

"येत नाही," उस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "पाय टेकवता येत नाही."

लेकीने खांद्याने मला आधार दिला आणि बापाचं उजवं पाऊल हातात धरलं. खालच्या पायरीवर ते अलगद ठेवलं, टाच आधी. मग डावा. मग पुन्हा उजवा तिच्या तळहातावर. पाच पायऱ्या उतरायला त्यांना पाच मिनिटं लागली असतील. खाली आल्यावर उस्ताद जमिनीवरच बसले. तिने बूट काढला, मोजा काढला. अंगठ्याचं मूळ लालबुंद सुजलं होतं.

"बाबा, दुखतंय का?"

या वेळी उत्तर लगेच आलं नाही.

"दुखतंय," उस्ताद म्हणाले. "खूप दुखतंय गं पोरी. सपाट जमिनीवरसुद्धा दुखतं. त्या बुटातसुद्धा दुखतं."

जमिनीवर बसल्यामुळे त्यांची नजर माझ्या दुसऱ्या बाजूच्या दांड्यावर गेली. तिथले ठिपके त्यांनी पहिल्यांदाच पाहिले.

"हे काय? माझ्यावर पहारा ठेवलास?" त्यांचा चेहरा पुन्हा कडवट झाला. "मला वाटलंच होतं. सगळं लाल करून डॉक्टरला दाखवणार, आणि मला एकदाचा खाली उतरवणार."

"सगळं लाल नाहीये," ती म्हणाली. "नीट बघा ना."

उस्तादांनी वाकून बघितलं. मग बोट लावून एकेक ठिपका बघत गेले. सुरुवातीचे पंधरा पांढरेशुभ्र होते. पुढे लालच लाल. मध्ये इंजेक्शननंतरचे सात पुन्हा पांढरे. त्यानंतर लालांच्या गर्दीत कुठे कुठे एखादा पांढरा.

"हे पांढरे का लावलेस?"

"ते दिवस चांगले होते म्हणून. त्या दिवशी तुम्ही गुणगुणत होतात." "मला तुमची जागा नकोय, बाबा. मला तुम्ही हवे आहात."

उस्तादांनी सरपटत माझ्या चढायच्या बाजूला येऊन खुणांच्या लाल रंगात बोट बुडवलं आणि आपले पांढरे ठिपके एकामागून एक लाल करायला सुरुवात केली. पहिले पंधरा सोडले. सात सोडले. अधलेमधले एखाददुसरे सोडले. बाकीच्यांवरून बोट फिरवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

डबा आदळल्याचा आवाज ऐकून डॉक्टरबाई वर आल्या होत्या. जिन्यातच थांबल्या होत्या. उस्तादांचा रंग लावून झाल्यावर त्या पुढे झाल्या, जमिनीवरच बसल्या आणि अंगठा हातात घेतला. या वेळी तो अगदी थोडा हलवला तरी उस्ताद कळवळले.

"आता बोलू या," बाई म्हणाल्या. "पूर्वी शेवटच्या टोकाला वाकवल्यावर दुखायचं. आता मधल्या मध्येही दुखतंय, म्हणजे सांधा पुरता झिजलाय. सुरुवातीची अवस्था असती, तर वरची हाडाची चोच तासून मोकळं करता आलं असतं. सांधा हलता राहिला असता. तुमच्या बाबतीत त्याने फार दिवस भागेल असं मला वाटत नाही. मी म्हणेन, सांधा जोडून टाकू. दोन्ही हाडं स्क्रूने एकत्र बसवायची, ती एकजीव होतात. घासायला काही उरत नाही, म्हणून दुखणं जातं. पण अंगठा मुळाशी पुन्हा कधीच वाकणार नाही."

"हे तीन महिन्यांपूर्वीच का नाही केलंत?"

"तेव्हा तुम्ही मला म्हणालात, मुळीच दुखत नाही. न दुखणारा पाय मी कशाला कापू?"

उस्तादांनी माझ्या आखूड पायाकडे पाहिलं. खाली मान घालून म्हणाले, "मी कापला. हिचा. हिला काही झालं नव्हतं."

मित्रांनो, मी लाकडाची आहे. तरी मला गहिवरून आलं.

त्यांनी आणखी पुष्कळ प्रश्न विचारले, आणि या वेळी ते प्रश्न भांडणाचे नव्हते. शिडी चढता येईल का? बहुतेक येईल, पायाचा मधला भाग पायरीवर ठेवून, हाड जुळल्यावर तीन-चार महिन्यांनी. चवड्यांवर? नाही, ते आता विसरायचं. हाड जुळलंच नाही तर? क्वचित तसं होतं, मग पुन्हा करावं लागतं. बाईंनी एकही गोष्ट साखरेत घोळवून सांगितली नाही. माझ्यासारख्या संशयी शिडीलाही त्यात खोट काढता आली नाही. उस्ताद म्हणाले, दोन दिवस द्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःच होकार कळवला.

ऑपरेशन झालं. उस्ताद सहा आठवडे लाकडी तळाच्या बुटात टाचेवर चालत होते आणि बायको त्यांना उठायच्या आत "बसा!" म्हणत होती. लेक कामासाठी एक नवी ॲल्युमिनियमची शिडी घेऊन आली. मी दाराशेजारी धूळ खात पडले. त्या दिवसांत मला वाईटसाईट विचार यायचे. आखूड पायाची शिडी कोण ठेवणार? आता आपलंही सरपण. मग एका सकाळी म्हातारा सुतार आला. उस्तादांनी स्वतः त्याला बोलावलं होतं. त्याने माझ्या पायाला लाकडाचा बरोब्बर बोटभर तुकडा जोडला आणि दोन स्क्रू आवळले.

"तुझ्यात किती?" त्याने उस्तादांना विचारलं.

"दोनच."

"मग फिट्टंफाट," सुतार म्हणाला, आणि दोघं म्हातारे पोट धरधरून हसले.

साडेचार महिन्यांनी आम्ही पुन्हा कामावर गेलो. एका शाळेचा मोठा वर्ग होता. मधल्या काळात छताखालची रेघ लेकच ओढत होती. आधी चिकटपट्टी लावून, मग पट्टीशिवाय. उस्तादांनी आल्या आल्या मान वर करून तिने आदल्या दिवशी ओढलेली एका भिंतीची रेघ एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत डोळे बारीक करून तपासली. दुसऱ्यांदा तपासली. मग म्हणाले, "इथे श्वास सोडलास." तिने कबूल केलं. ती जागा मला अजूनही दिसलेली नाही.

मग ते माझ्यावर चढले. मी श्वास रोखला. पाऊल सपाट आलं, फळीसारखं कडक, अंगठ्याच्या बाजूनेही पुरा भार टाकून. एक पायरी. दोन. तीन. मी सवयीने त्यात खोटेपणा शोधत होते.

"बाबा, दुखतंय का?" लेकीने खालून विचारलं.

उस्ताद तिसऱ्या पायरीवर थांबले. त्यांनी पाऊल जरा दाबून पाहिलं, विचार केला.

"थोडं," ते म्हणाले. "सूज आहे अजून. वरच्या दोन पायऱ्या आज तू घे."

आणि ते खाली उतरले, टाच आधी ठेवून, सावकाश. ब्रश त्यांनी लेकीच्या हातात दिला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी पाय तिरका टाकत चालत असेल. कुणी बूट कापत असेल, कुणी जिन्यावर मध्येच थांबून खिडकीतून बाहेर बघण्याचं नाटक करत असेल. त्यांना विचारा. आणि "काही नाही, ठीक आहे" हे उत्तर फार पटकन आलं, तर खुशाल संशय घ्या. पण तो संशय त्यांच्या पाठीमागे ठेवू नका, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून पुन्हा एकदा विचारा. आणि कधी तुम्हालाच कुणी विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी एक क्षण थांबा, पाऊल टेकवून बघा आणि जे असेल ते खरं सांगा.